लेपटी वाचायची कशी: चिखलातल्या एका छोट्या चपट्या माशाची पायरीपायरीने ओळख

बाजारात लेपटीला मान नाही. पापलेट, सुरमई, हलवा पुढच्या पाटीत मिरवतात आणि लेपट्यांचा वाटा कडेला, एकीवर एक चिकटून पडलेला असतो. घासाघीस न करता मिळणारं म्हावरं. पण आपल्या किनाऱ्यावर पावसाळा समुद्राच्या तळाचं काय करतो, हे बघायचं असेल तर याहून सोयीचा मासा नाही. ही तळाला चिकटून जगते आणि तळातलंच खाते. तळाची उपासमार झाली की तिची वाढ थांबते, आणि त्याची खूण तिच्या खवल्यावर उमटते.

प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हा लेख उपयोगी पडेलच. पण तळण्याआधी मासा नीट न्याहाळावासा वाटणाऱ्या कुणालाही यातलं बहुतेक सगळं स्वयंपाकघराच्या ओट्यावर करता येईल.

आधी ठरवा, कोणती लेपटी

रत्नागिरी-सिंधुदुर्गात लेप किंवा लेपटी, मुंबईकडे रेपटी, गोव्यात लेपो. या नावांखाली जिभेच्या आकाराचे अनेक मासे विकले जातात. शास्त्राच्या भाषेत यांचं कुळ सायनोग्लॉसिडी आणि आपल्या बाजारातला मुख्य वंश सायनोग्लॉसस.

या लेखात मुख्यतः सायनोग्लॉसस मॅक्रोस्टोमस या छोट्या जातीबद्दल बोलू. इंग्रजीत तिला मलबार सोल म्हणतात. रत्नागिरीपासून खाली केरळपर्यंत ती सापडते, आणि मंगळूर ते कोझिकोड या पट्ट्यात तिची खरी रेलचेल असते. पूर्ण वाढलेली लेपटी वीतभरही नसते, बाजारात बहुधा १० ते १५ सेंटीमीटरची. तिचीच मोठी बहीण सायनोग्लॉसस आरेल ४० सेंटीमीटरपर्यंत वाढते. तुमच्या पाटीतली लेपटी हातभर लांब असेल तर ती मॅक्रोस्टोमस नव्हे, एवढं पहिल्या नजरेतच ठरतं.

जुने शोधनिबंध वाचणार असाल तर एक अडचण आधीच सांगून ठेवतो. १९५०च्या दशकातल्या भारतीय निबंधांत हीच मलबारची लेपटी सायनोग्लॉसस सेमिफॅसिएटस या नावाने येते. ते नाव खरं तर वेगळ्या जातीचं. नाव बघून निबंध बाजूला ठेवलात तर या माशावरचं सगळ्यात मोलाचं काम हातातून जाईल.

कधी आणायची, कुठून आणायची

सगळ्यात चांगला काळ पावसाळा ओसरताना, म्हणजे ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर. मलबार किनाऱ्यावर याच दिवसांत लेपट्यांचे थवे किनाऱ्यालगत येतात आणि वर्षातली मोठी पकड तेव्हाच होते. महाराष्ट्रात यांत्रिक नौकांना साधारण १ जून ते ३१ जुलै बंदी असते. बंदी उठून ट्रॉलर बाहेर पडले की तळाचं म्हावरं उतरू लागतं.

मिरकरवाडा, हर्णे, देवगड, मालवण, मुंबईचा ससून डॉक, गोव्यातलं मालिम किंवा कुटबण, कुठलंही बंदर चालेल. मालवणकडे रापण (किनाऱ्यावरून ओढायचं लांब जाळं) ओढतात तिथे मिळालं तर उत्तम, कारण मासा ताजा असतो आणि नेमका कुठून आला ते डोळ्यांसमोर दिसतं. ट्रॉलरचा मासा अनेकदा चार-सहा दिवस बर्फात असतो. खायला तो चालतो, पण पोटातलं अन्न बघायला बेकार, कारण तोवर सगळ्याचा लगदा झालेला असतो.

एक लेपटी आणू नका. लहान, मध्यम, मोठ्या अशा दहा-बारा निवडा. एका माशावरून काहीच कळत नाही, दहा शेजारी मांडले की फरक आपोआप दिसतात. आणि घेता घेता माहिती विचारा: मासा कुणाच्या बोटीचा, जाळं कुठलं, किती वाव पाण्यात लागला. कोळणीला माहीत नसेल तर तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, किंवा खलाशाला गाठा. एक वाव म्हणजे ६ फूट, साधारण १.८३ मीटर. ‘दहा वावात लागली’ म्हणजे १८ मीटर पाण्यात. हा आकडा वहीत पहिला लिहा, नंतर तो कुणालाच आठवत नाही.

डावी की उजवी

घरी आणल्यावर मासे गोड्या पाण्याने हलकेच धुवा, पण खसखसून चोळू नका, खवले निघतात. पांढऱ्या ताटात एक लेपटी डोळे वर करून ठेवा. आता पोटाची कड तुमच्याकडे येईल असा मासा फिरवा. पोट कुठलं हे ओळखायला तोंडाची वाकडी फट बघा, ती पोटाच्या बाजूला झुकलेली असते. डोक्यामागे बोटाने दाबलं तर आतड्यांची मऊ पिशवीही लागते.

असा मासा ठेवल्यावर डोकं तुमच्या डाव्या हाताला आलं तर तो डावा, म्हणजे दोन्ही डोळे शरीराच्या डाव्या अंगाला. लेपट्यांचं सगळं कुळ डावं. डोकं उजवीकडे आलं तर तुमच्या हातात लेपटी नाही, सोलिडी कुळातला मासा आहे. आपल्याकडे पट्ट्यापट्ट्यांचा झेब्रियास याच उजव्या कुळातला. बाजारात दोन्ही एकाच वाट्यात मिसळलेले असतात आणि विक्रेत्याला त्याचं काही सोयरसुतक नसतं.

भाकस मात्र या नियमाला जुमानत नाही. त्याच्यात काही मासे डावे, काही उजवे. एक डोळा जवळजवळ डोक्याच्या कडेवरच असतो आणि पाठीचा पर (पोहायचा पंख) डोळ्यांच्या बराच मागे सुरू होतो. चपट्या माशांतला हा सगळ्यात जुन्या धाटणीचा. त्याला लेपटी समजण्याची चूक कुणी करणार नाही, कारण तोंड मोठं, दात धारदार आणि अंग जाड.

बारीक खुणा

आता भिंग घ्या. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग पुरतं.

शेपटाकडे बघा. पाठीचा पर, शेपटाचा पर आणि पोटाकडचा पर एकमेकांत मिसळून टोकदार झालेले दिसतील. छातीचे पर शोधायला जाऊ नका, ते नसतातच. शेपूट वेगळं, पंख्यासारखं दिसत असेल आणि डोळे डाव्या बाजूला असतील, तर तो स्यूडोऱ्होम्बससारखा दुसरा चपटा मासा.

ओठ बघा. डोळ्यांच्या बाजूच्या ओठांवर झालरीसारखे बारीक धागे असतील तर वंश पॅराप्लॅगुशिया, तिला बाजूला काढा. सायनोग्लॉससचे ओठ साधे असतात. नाकाडाचं टोक आकड्यासारखं वळून तोंडावर आलेलं दिसेल. हनुवटीखालून बोट घालून तोंड उघडा आणि सुईच्या टोकाने दात चाचपा. वरच्या, डोळ्यांच्या बाजूला काही लागत नाही, खालच्या पांढऱ्या बाजूला मात्र बारीक दातांची खरखर जाणवते. ही लेपटी चिखलाकडे असलेल्या गालाने जेवते, हे त्या एका स्पर्शात कळतं.

अंगावरून लांब जाणाऱ्या रेषा म्हणजे पार्श्वरेषा. पाण्यातली हालचाल टिपणाऱ्या बारीक छिद्रांची ती ओळ. त्या किती, आणि कुठल्या बाजूला, यावर जाती ठरतात. उदाहरणार्थ सायनोग्लॉसस बायलिनिएटसच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन रेषा असतात. त्यामुळे मासा उलटून पांढरी बाजूही तपासा, बहुतेकजण तेच विसरतात. मग शेपटाकडून डोक्याकडे बोट फिरवा. खरखर लागली तर खवल्यांना कडेला काटे आहेत, गुळगुळीत लागलं तर नाहीत. दोन्ही बाजूंची वेगवेगळी नोंद करा.

जात पक्की करायला खवले मोजून अधिकृत किल्लीशी, म्हणजे जाती ओळखायच्या खुणांच्या यादीशी, ताडून बघावं लागतं. ते जमलं नाही तरी ‘सायनोग्लॉसस, लहान जात’ एवढं लिहिलं तर त्यात कमीपणा नाही. चुकीचं पक्कं नाव त्याहून वाईट.

फोटो आत्ताच काढा, ओल्या माशाचे, दोन्ही बाजूंचे, शेजारी पट्टी ठेवून. मेल्यावर रंग झपाट्याने फिका पडतो.

मोजमाप

नाकाडाच्या टोकापासून शेपटाच्या टोकापर्यंत लांबी मिलिमीटरमध्ये. शेपटाचं टोक तुटलेलं असेल तर त्या माशापुढे फुली मारा, अंदाजाने लांबी वाढवू नका. वजन स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर, आधी कागदाने पाणी टिपून.

खवला: इथे घाई करू नका

माझ्या मते या माशाचा खरा ऐवज इथे आहे. थंड देशांत माशाचं वय खवल्यावरच्या वर्तुळांवरून काढतात. हिवाळ्यात वाढ मंदावते, वर्तुळं दाटतात, वसंतात पुन्हा सुटी होतात. उष्ण कटिबंधात हिवाळाच नाही, तेव्हा आपल्या माशांवर अशी वर्षाची खूण सापडायची नाही, असा समज बराच काळ होता. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला शेषप्पा आणि भीमाचार या दोघा मत्स्यशास्त्रज्ञांनी मलबारच्या लेपटीचे खवले तपासून दाखवलं की तिच्यावर वर्षाची खूण असते. फक्त ती थंडीची नसते, पावसाळ्याची असते.

कारण तळात आहे. जून ते ऑगस्ट लाटा उथळ पाण्यातला चिखल घुसळतात, नद्यांचं गोडं पाणी खारटपणा कमी करतं आणि त्या चिखलात राहणारे किडे, शिंपले, झिंग्यांचे बारके भाऊबंद विरळ होतात. शेषप्पांनी मलबारच्या उथळ समुद्रतळाचे नमुने घेऊन ही पडझड नोंदवली आणि पावसाळा सरल्यावर तळ पुन्हा भरतो हेही. लेपटीला त्या दिवसांत पोटभर मिळत नाही. वाढ अडते. मग नवं अन्न मिळालं की वाढ पुन्हा सुरू होते, आणि त्या सांध्यावर खवल्यात एक कडं राहतं.

हे बघायचं असं. माशाच्या मधल्या भागातून, डोळ्यांच्या बाजूने, चिमट्याने सहा-सात खवले उपटा. कडेचे किंवा शेपटाजवळचे नकोत, ते लहान आणि वेडेवाकडे असतात. वाटीत कोमट पाणी आणि चिमूटभर धुण्याचा सोडा घालून रात्रभर भिजत ठेवा. सकाळी मऊ कुंचल्याने वरची कातडी आणि चिकटा काढा, स्वच्छ पाण्यात खळबळा. दोन काचपट्ट्यांमध्ये खवला ओला असतानाच दाबून ठेवा आणि कडांना चिकटपट्टी लावा, नाहीतर वाळताना तो गुंडाळतो.

शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाचं सगळ्यात कमी मोठं दाखवणारं भिंग पुरेसं आहे. मोबाइलवर लावायचं क्लिपचं भिंगही काम भागवतं, पण उजेड खालून द्या. आधी खवल्याचं केंद्र शोधा. केंद्र ढगाळ, रेघांशिवाय कोरं दिसलं तर तो खवला गळून नवा उगवलेला आहे, त्याच्यात जुनी वर्षं नाहीत. तो टाका. हे न पाहता केलेली मोजणी फुकट जाते. चांगल्या खवल्यात केंद्राभोवती बारीक रेघा दिसतात. त्या एका ठिकाणी दाटतात, तुटतात आणि पुढे पुन्हा मोकळ्या होतात का, ते बघा. एकाच माशाच्या निदान तीन खवल्यांवर त्याच अंतरावर ते कडं दिसलं तरच धरा.

ऑक्टोबरमध्ये आणलेल्या लेपट्यांत लहानांवर कडं नसेल आणि मोठ्यांवर कडेजवळ असेल, तर तुम्ही नुकताच सरलेला पावसाळा बघताय. जानेवारीत पुन्हा खवले काढा, ते कडं कडेपासून आत सरकलेलं दिसेल. तीन-चार कडी शोधत बसू नका. ही अल्पायुषी जात आहे. पकडीत भरणा असतो तो वर्षाच्या आतल्या आणि वर्षभराच्या लेपट्यांचाच.

पोटात काय आहे

चपट्या माशाचं पोट चकवतं. एवढ्या लांब अंगात आतड्यांना जागा फक्त डोक्यामागे, दोन बोटं. पुढचा सगळा भाग मांसाचा. लहान कात्रीने कल्ल्याच्या कडेपासून मागे उथळ काप घ्या. कात्रीचं टोक वर धरा, नाहीतर आतडं फुटेल.

आतडं बशीत सोडून पाण्याचे दोन थेंब घाला आणि सुईने उलगडा. काळसर चिखल निघेल. त्यातच भिंगाखाली सोनेरी-काळपट, केसांहून बारीक काड्या चमकतात. त्या पॉलिकीट किड्यांच्या अंगावरच्या काड्या. किडा पचला तरी त्या राहतात. वाकड्या पाठीचे, पिसवेसारखे दिसणारे ते अँफिपॉड, झिंग्यांचे बारके भाऊबंद. नखाच्या टोकाएवढे शिंपलेही मिळतात. मासोळ्या किंवा कोळंबीचे मोठे तुकडे मिळणं दुर्मीळ. लेपटी पाठलाग करून शिकार करणारी नाही, चिखलाला गाल लावून हळूहळू सरकत जेवणारी आहे.

दहातली चार पोटं रिकामी निघाली तर निराश होऊ नका, रिकामं पोटही नोंदवा. महिन्यामहिन्याचं रिकाम्या पोटांचं प्रमाण शेजारी मांडलं, की खवल्यावर कडं का उठलं याचं उत्तर तिथेच मिळायला लागतं.

गाबोळी

आतडं काढल्यावर मागे, काट्यांच्या दोन्ही बाजूंना शेपटाकडे गेलेल्या दोन लांब पिशव्या दिसल्या तर मादी. भरलेली गाबोळी पिवळट-नारिंगी असते आणि डोळ्यांना दाणे दिसतात. उजेडासमोर लेपटी धरली तर ताज्या माशात ती कातडीतूनही सावलीसारखी दिसते. नराचे वृषण इतके बारके असतात की नवख्याला ते सापडतच नाहीत. ‘काहीच नाही’ म्हणजे मादी लहान आहे की नर आहे, हे ठरवताना घाई नको.

मलबारमध्ये हिची वीण पावसाळ्यानंतर, साधारण ऑक्टोबरपासून उन्हाळ्यापर्यंत लांबते. तळ भरलेला, पाणी निवळलेलं, म्हणजे पिल्लांना खायला आहे असाच तो काळ.

जाता जाता: चीनमध्ये मत्स्यशेतीत वाढवल्या जाणाऱ्या हिच्या नातेवाईक जातीचा, सायनोग्लॉसस सेमिलेव्हिसचा, संपूर्ण जनुकसंच २०१४ साली प्रसिद्ध झाला. या जातीत जन्माने मादी असलेली पिल्लं पाणी जास्त गरम असेल तर नर होतात. तापणाऱ्या समुद्राच्या चर्चेत लेपटीकडे कुणी बघत नाही, पण बघायला हवं.

डोळा सरकतो तो कसा

अंड्यातून निघालेलं पिल्लू साध्या माशासारखंच असतं. एक डोळा डावीकडे, एक उजवीकडे, आणि ते तळाला नव्हे तर वरच्या पाण्यात तरंगत असतं. काही आठवड्यांत थायरॉइडच्या संप्रेरकांच्या जोरावर शरीर बदलतं. उजवा डोळा डोक्यावरून डाव्या बाजूला येतो, कवटी पिरगळते, उजवी बाजू पांढरी राहते आणि पिल्लू तळाला बसतं. बेडकाच्या पिल्लाची शेपूट झडवतं तेच संप्रेरक इथे डोळा हलवतं.

अर्धवट सरकलेला डोळा कशाला उपयोगी, असा प्रश्न प्राणिशास्त्रज्ञ सेंट जॉर्ज मिव्हार्ट यांनी १८७१ साली डार्विनच्या सिद्धांताविरुद्ध काढला होता. २००८ साली जीवाश्मशास्त्रज्ञ मॅट फ्रीडमन यांनी इओसीन काळातल्या, म्हणजे सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या, दोन जीवाश्मांत, अँफिस्टियम आणि हेटेरोनेक्टिसमध्ये, अगदी तसेच अर्ध्यावर थांबलेले डोळे असलेले पूर्ण वाढलेले मासे दाखवले. तुमच्या ताटात कवटी उरलीच असेल तर ती उकळून, मांस सोडवून वाळवा. वरून बघितली की पिरगळ हातात कळते.

तळ कसा बघायचा

माशासोबत आलेला चिखल धुऊन टाकण्याआधी थोडा डबीत घ्या. बोटांत चोळा. पीठ लागलं तर गाळ, खरखर लागली तर वाळू. मॅक्रोस्टोमसचं घर बहुधा मऊ चिखलाचं किंवा चिखल-वाळू मिसळलेलं, उथळ पाण्याचं. किनाऱ्यापासून तीस-चाळीस मीटर खोलीच्या आतलं. खडकाळ तळावर तिला शोधू नका, तिथे लपायला जागाच नाही. तिची वरची बाजू तळाच्या रंगाची आणि पर हलवून ती अंगावर चिखलाचा थर ओढून घेते. दिसतात ते फक्त दोन डोळे.

वर्षभर ती एका जागी नसते. पावसाळा संपताना किनाऱ्याजवळ दाटी होते आणि नंतर ती खोल पाण्याकडे पांगते. केरळात याला आणखी एक कारण जोडलं जातं: पावसाळ्यात खालचं थंड, प्राणवायू कमी असलेलं पाणी वर येतं आणि तळाचे मासे किनाऱ्याकडे सरकतात. आपल्याकडे रत्नागिरीच्या उत्तरेला चित्र थोडं वेगळं आहे, तिथे बाजारात मोठ्या जाती जास्त दिसतात. म्हणूनच तांडेलाने सांगितलेले वाव आणि महिना महत्त्वाचे. चार महिने ते एका कागदावर मांडा, हालचाल दिसू लागेल.

उरलेल्या लेपट्यांचं काय

नमुना म्हणून ठेवायची लेपटी ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, बाटलीत तारीख, बंदर, वाव आणि जाळं लिहिलेली चिठ्ठी पेन्सिलने लिहून टाका. बॉलपेनची शाई विरघळते. लहान, बोटाएवढ्या लेपट्या अभ्यासासाठीही पैसे देऊन वाट्यानं आणू नका. लहान मासे न पकडण्याबाबत महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान आकार ठरवले, ती यादी बंदरावरच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात बघायला मिळते.

बाकीच्या खाऊन टाका. डोक्याजवळ कातडीला चीर द्या, बोटांना जाडं मीठ लावा म्हणजे निसटत नाही, आणि शेपटाकडे एका दमात ओढा. कातडी सोलून येते. हळद, मीठ, तिखट, आगळ, वरून रवा आणि तांदळाचं पीठ, मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी. काटे एका सरळ ओळीत असल्याने लहान मुलांनाही देता येते. अल्कोहोलमध्ये घातलेली मात्र मांजरालाही देऊ नका.